उजवा गाल

उदगीर-लातूर, दुपारची साडेबाराची फेरी.
नळेगावच्या पुढं बशीर गाडी बाजूला घ्यायचा,
माणसं गाडीकडं पाठ करून
बाभळींसमोर रांगेत उभी राहायची.
मी सगळ्यांच्या आधी उतरायचो,
सगळ्यांच्या शेवटी चढायचो.
"अप्पा, तिकडं बी तिकीट फाडायलाव का?"
मागच्या सीटवरची पोरं हसायची, बशीर हॉर्न द्यायचा,
आन् माझं अजून सुरूच झालेलं नसायचं.

आधी धार सुतळीएवढी झाली,
मग शिवणाच्या दोऱ्याएवढी.
मग तिला दोन फाटे फुटले, एक चपलेवर.
मग थेंब,
आणि एक थेंब, जो गाडीत बसल्यावरच खाकीवर यायचा.

म्हटलं वय झालं.
चोपन्न हे काय वय आहे का, शिवकांता म्हणाली.
धन्याचं पाणी झालं, गोखरूचा काढा झाला.
कुणी उष्णता म्हटलं, कुणी मुतखडा.
डेपोतल्या एकानं कानाशी येऊन विचारलं,
बाहेर कुठं गेला होतास का,
आन् मी, मन्मथ नावाचा माणूस,
माझ्याच नावाला हसलो.

शिवरात्रीच्या आदल्या रात्री सगळंच बंद.
पोट नगाऱ्यासारखं.
खालून नळी जाईना,
तेव्हा बेंबीखाली सुई टोचून
त्यांनी मला रिकामं केलं.
मी रडलो. दुखत होतं म्हणून नाही,
थांबलं म्हणून.

लातूरला डॉक्टर निखत, माझ्या धाकटीच्या वयाची.
"काका, धार कशी आहे?"
डोळ्यांत बघून, भाजीचा भाव विचारावा तसं.
मशीनमध्ये लघवी करायला लावली.
कागदावर रेघ उठली, बुटकी, सपाट,
बालाघाटचं पठार.
मग औषध भरून फोटो.
पांढरी वाट नीट चालत आलेली
आणि मधेच मुंगीची कंबर,
तिकिटाच्या रुंदीएवढी लांब.
"कधी पडलात का? पाय फाकून, कशावर?"
नाही म्हणालो.

रात्री वॉर्डात आठवलं.
पंच्याण्णव साल, टपावर मिरचीची पोती,
शिडीवरून पाय सटकला
आन् लोखंडी दांडीवर बसलो, घोड्यावर बसावं तसा.
दोन दिवस लघवी लाल.
तिसऱ्या दिवशी ड्युटी.

"आतली जखम भरताना आवळत जाते," ती म्हणाली,
"कधी कधी वीस वर्षं घेते."
सळईनं रुंद करता येतं. दुर्बिणीतून कापता येतं.
शेजारच्या खाटेवरचा निलंग्याचा पहिलवान
आठ वेळा सळई घेऊन आला होता.
"तुम्हाला ठिगळ लावू. गालाच्या आतल्या कातडीचं.
ओल्यात जगायची तिला सवय असते.
तोंड उघडा."

बॅटरी डाव्या गालावर थांबली.
तीस वर्षांची तंबाखू तिथं,
कातडी पांढरी, पुठ्ठ्यासारखी.
"हा नाही चालणार."
बॅटरी उजवीकडं गेली.
मी श्वास धरला,
जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या गालासाठी.
"हा बरा आहे. नशीब, तुम्ही एकाच बाजूला ठेवता."
पहिलवान एवढा हसला की त्याची नळी हलली.

तीन आठवडे नळी. थंड दूध, सुजलेलं तोंड,
खुणेनं बोलणारा कंडक्टर.
नळी निघाली त्या सकाळी
संडासात भांड्यावर आवाज आला.
मी बाहेर वळून बघितलं, कोण आहे ते.

डॉक्टर म्हणाली, तीन महिन्यांनी या, रेघ बघू.
पुन्हा आवळू शकतं. लपवू नका.
तंबाखू सुटली म्हणणार नाही. पुडी खिशात असते.

काल नळेगावच्या पुढं सगळे चढले.
बाभळीजवळ एकजण राहिला,
पांढरा शर्ट, शाळेतला मास्तर असावा,
एक हात खोडावर.
पोरं खिदळली. बशीरचा हात हॉर्नवर गेला.
मी नको म्हणालो.
बेलच्या दोरीला धरून उभा राहिलो,
आणि जीभ उजव्या गालात
तो खड्डा चाचपत राहिली.